शकुंतला गाडीचे फाटक गाडीतलेच लोक लावीत असत, हे खरे आहे काय?

मोतीबागचा पाहुणा (दारव्हा तालुका)

नमस्कार मंडळी. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणाऱ्या शकुंतला गाडीविषयी मला थोडी खात्रीची माहिती हवी आहे. आमचे आजोबा सांगत असत की, वाटेत कच्चा रस्ता आडवा आला की गाडी फाटकाच्या अलीकडे थांबे, इंजिनावरचा एक माणूस खाली उतरे, आलेल्या बंड्या आणि गुरे अडवून फाटक लावी, गाडी फाटक ओलांडून पुन्हा थांबे, मग मागच्या डब्यातला गार्ड उतरून फाटक उघडी आणि तो परत चढला की गाडी मार्गस्थ होई. आजोबा हे इतक्या सहजपणे सांगत की आम्हां भावंडांना लहानपणी त्यात काही नवल वाटले नाही. सगळ्याच गाड्या अशा चालत असतील, अशी आमची समजूत होती. आता मात्र पुण्यात वाढलेली आमची मुले ही गोष्ट ऐकून हसतात आणि आजोबांनी तिखटमीठ लावून सांगितले असेल असे म्हणतात.

आजीचीही एक आठवण आहे. तिच्या सासूबाई तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी निघाल्या होत्या आणि स्टेशन गाठण्यापूर्वीच गाडी सुटली, तेव्हा पऱ्हाटीच्या तासातून धावत येणारी बाई पाहून ड्रायव्हरने गाडी थांबवून तिला चढवून घेतले. हे शक्य होते काय?

आणखी एक गोष्ट गावात सर्रास बोलली जाते, ती म्हणजे ही गाडी शेवटपर्यंत इंग्रजांच्या मालकीची होती आणि तिचे भाडे विलायतेला जात असे. आम्ही घरच्या आठवणींची एक वही करीत आहोत आणि त्यात खरे तेवढेच लिहावे, ऐकीव गोष्टी लिहू नयेत, असा मोठ्या आत्यांचा आग्रह आहे. ज्यांनी ही गाडी जवळून पाहिली त्यांनी कृपया लिहावे.

खलाशीपुत्र (मूर्तिजापूर)

आपल्या आजोबांनी सांगितले त्यात तिखटही नाही आणि मीठही नाही. माझे वडील या मार्गावर आधी खलाशी आणि नंतर फायरमन होते, आणि फाटक लावण्याचे काम त्यांनी स्वतः केलेले आहे. फाटक म्हणजे काही ठिकाणी दोन पल्ल्यांचे लोखंडी दार होते, तर काही ठिकाणी नुसती आडवी दांडी आणि तिला साखळी. किल्ल्यांचा जुडगा इंजिनावर खिळ्याला अडकवलेला असे. सुटीच्या दिवशी वडील मला सोबत नेत, तेव्हा तो जुडगा हातात धरण्याचा मान माझ्याकडे असे. किल्ल्या कोळशाच्या धगीने तापलेल्या असत, म्हणून वडील आधी त्यांच्यावर तेलकट चिंधी गुंडाळून देत.

आता हे असे का चाले, तेही सांगतो, कारण मुलांना खरी गंमत त्यातच वाटेल. एका फाटकावर दिवसरात्र माणूस ठेवायचा झाला तर पाळ्या लावून किमान तीन माणसांचा पगार द्यावा लागतो, वर त्यांना राहायला खोली आणि प्यायला पाणी पुरवावे लागते. ज्या मार्गावरून दिवसाकाठी एखादी गाडी जाते आणि तीच परत येते, आणि ज्या रस्त्यावरून वखर-तिफण घातलेल्या बंड्यांखेरीज फारसे काही जात नाही, त्या ठिकाणी एवढा खर्च कोणती कंपनी करील? त्यापेक्षा गाडीत जे लोक आहेतच त्यांच्याकडून ते काम करून घेणे परवडणारे होते. त्यात गाडीची दहा-पंधरा मिनिटे गेली तरी मागून किंवा समोरून दुसरी गाडी येणार नव्हती.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. एका भागात एका वेळी एकच गाडी असेल, तर सिग्नलांची सगळी मांडामांड लागत नाही. त्या भागात शिरण्याचा अधिकार ड्रायव्हरच्या हाती दिला की काम भागते. म्हणूनच छोट्या स्टेशनांवर पुढे पुढे स्टेशनमास्तरही उरला नव्हता आणि गाडीबरोबरचेच लोक तिकिटे देत, सांधे बदलत आणि टोकाच्या स्टेशनावर इंजिन सोडून दुसऱ्या बाजूला जोडत. बाहेरच्या माणसाला तो पोरखेळ वाटे, परंतु आमच्या घरी त्याला नोकरी म्हणत आणि उन्हाळ्यात ती किती कठीण असे हे आईच्या तोंडून ऐकावे.

धावत येणाऱ्या बाईसाठी गाडी थांबली असेल, यात मला तरी शंका वाटत नाही. मूर्तिजापूर ते अचलपूर हे अंतर सुमारे ७६ किलोमीटर आणि त्याला चार तास लागत, म्हणजे ताशी वीसच्या आसपास वेग झाला. यवतमाळच्या बाजूचे अंतर सुमारे ११३ किलोमीटर, तिकडेही वेगाची तीच तऱ्हा. स्टेशनातून नुकत्याच सुटलेल्या गाडीचा वेग तर चालत्या बैलांइतकाच असतो. ड्रायव्हर आणि गार्ड वर्षानुवर्षे त्याच मार्गावर असल्यामुळे कोणत्या गावची लेक कोणत्या गावी दिली आहे हेसुद्धा त्यांना ठाऊक असे.

अंजनगावची लेक (सध्या अमरावती)

खलाशीपुत्रदादांनी गाडीतल्या माणसांचे लिहिले, मी डब्यातले लिहिते. माझे माहेर अंजनगाव सुर्जीचे आणि आजोळ मूर्तिजापूरकडचे, त्यामुळे उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुटी लागली की पथ्रोटकडून येणारी ही गाडी पकडून आम्ही कापूसतळणी, बनोसा, लाखपुरी करीत आजोळी जात असू. बनोसा म्हणजे दर्यापूरचे स्टेशन. एस. टी. लवकर पोहोचवीत असे, पण तिचे तिकीट जास्त होते, आणि आई, आम्ही भावंडे, शिवाय पापड-कुरडयांचे डबे, एवढा बारदाना घेऊन एस. टी.त चढणे म्हणजे कंडक्टरची बोलणी खाणे.

आमच्या अंजनगावकडे पानमळे आहेत, पानपिंपरीही होते. त्या काळी विड्याच्या पानांचे करंडे या गाडीतून जात असत. माझ्या डोळ्यांसमोर अजून एक म्हातारे बारी काका आहेत, जे करंडा बाकाखाली न ठेवता स्वतःच्या दोन पायांमध्ये धरून बसत. करंड्याला आतून केळीची पाने लावलेली, वर ओले गोणपाट बांधलेले. प्रत्येक स्टेशनावर ते तांब्याभर पाणी आणीत, ओंजळीने गोणपाटावर शिंपडीत आणि मग उरलेले पाणी स्वतः पीत. आधी पान, मग माणूस, असा त्यांचा क्रम ठरलेला होता. कधी एखादे पान पिवळे पडलेले दिसले तर ते तेवढेच अलगद ओढून काढीत, कारण एका कुजक्या पानामुळे शेजारची पाने डागाळतात. आम्हां मुलांना ते पान मिळेल अशी आशा असे, परंतु ते खिडकीबाहेर जाई. पोरांनी पान खाल्ले तर जीभ जड होते, असे त्यांचे म्हणणे होते, आणि आईला ते मान्य असल्यामुळे पुढे बोलण्याची सोय नव्हती.

पौष महिन्यात ऋणमोचनच्या यात्रेच्या रविवारी डब्यात पाय ठेवायला जागा नसे. पूर्णेकाठच्या त्या यात्रेला आमच्या भागातून बंड्यांच्या रांगाच्या रांगा लागत आणि ज्यांच्याकडे बंडी नसे ते लोक गाडीने शक्य तेवढे पुढे जाऊन उरलेले अंतर पायी तोडीत. गाडगेबाबांचा जन्म आमच्याच भागातील शेंडगावचा, आणि ऋणमोचनला नदीवर घाट त्यांच्या पुढाकाराने झाले, त्यामुळे यात्रेला निघालेल्या डब्यात त्यांच्या कीर्तनाची नक्कल करणारा कोणीतरी हमखास असेच. तो प्रश्न विचारी आणि सगळा डबा उत्तर देई. फाटकापाशी गाडी थांबली की कीर्तनही थांबे आणि लोक खाली उतरून पाय मोकळे करीत. तेव्हा आपल्या मुलांना सांगा की, फाटकावरच्या थांब्याला आम्ही खोळंबा म्हणत नव्हतो. हरभऱ्याच्या दिवसांत तर फाटक नेमके कोणाच्या वावराजवळ आहे, यावर आमचे बारीक लक्ष असे.

हिशेबनीस (कारंजा)

मालकीच्या प्रश्नावर लिहितो, कारण या विषयात वर्तमानपत्रांनीही बराच गोंधळ घातलेला आहे.

मुंबई ते नागपूर हा मोठा लोहमार्ग १८६७ साली पूर्ण झाला आणि वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे जाऊ लागला. खामगाव ही कापसाची मोठी पेठ असल्यामुळे १८७० सालीच जलंबहून तिकडे फाटा काढण्यात आला. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव हा सगळा कापसाचा मुलूख मात्र मुख्य मार्गापासून दूर राहिला आणि तिकडचा माल बंड्यांवरूनच येत राहिला. ती उणीव भरून काढण्यासाठी मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. या कंपनीने अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीचा मार्ग टाकला. स्वतः गाड्या चालविण्याऐवजी तिने ते काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे करारावर सोपविले आणि उत्पन्नातला वाटा घेतला. पुलगाव-आर्वी हा छोटा मार्गही याच कंपनीचा.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये ती मोठी रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली, पण हे फाटे कंपनीकडेच राहिले. म्हणजे चालविणारी भारतीय रेल्वे, गाडीतले कर्मचारी भारतीय रेल्वेचे, पायाखालचा मार्ग मात्र कंपनीचा आणि त्याबद्दल कंपनीला मोबदला, अशी ती व्यवस्था होती. दर दहा वर्षांनी कराराचा विचार होई आणि दर वेळी मार्ग विकत घेण्याचे राहून जाई. किलिक निक्सन ही पेढी इंग्रजांनी १८५७ मध्ये स्थापन केली हे खरे, तथापि स्वातंत्र्यानंतर तीही भारतीय उद्योजकांच्या हाती आली. म्हणून 'विलायतेला भाडे जाई' हे वाक्य वहीत जसेच्या तसे लिहू नये. 'खासगी कंपनीचा मार्ग, सरकारी गाडी' असे लिहावे. गावात इंग्रजांची गाडी म्हणत असत, हेही लिहायला हरकत नाही, कारण म्हणत असत हे तर खरेच आहे.

या दुहेरी मालकीचा परिणाम मात्र आपण सर्वांनी भोगला. मार्ग ज्याचा, तो पैसा घालायला तयार नाही आणि जो गाडी चालवितो, तो दुसऱ्याच्या मार्गावर खर्च का करील? त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा भराव दरवर्षी हलतो. खडी आणि स्लीपर वेळच्या वेळी बदलले नाहीत की रूळ लाटांसारखे वरखाली दिसू लागतात आणि वेगावर आणखी बंधन येते. गाडी म्हातारी झाली म्हणून हळू चाले, असे लोक समजत. खरे पाहता तिच्या पायाखालची जमीनच तिला धावू देत नव्हती.

मोतीबागचा पाहुणा

सर्वांचे मनापासून आभार. हिशेबनीसकाकांचे वाक्य तसेच्या तसे उतरवून घेतले आहे. एक विचारायचे राहिले. मूर्तिजापूरला लहान गाडीतील कापसाच्या गाठी मोठ्या गाडीत कशा जात, याविषयी घरात कोणालाच नीट सांगता येत नाही. आणि कोळशाचे इंजिन नेमके केव्हा बंद झाले?

खलाशीपुत्र (मूर्तिजापूर)

गाठी माणसांनीच चढविल्या-उतरविल्या. दोन मार्गांची रुंदी वेगळी असल्यामुळे लहान वाघिण मोठ्या रुळांवर जाऊच शकत नाही. म्हणून लहान वाघिणीशेजारी मोठी वाघिण उभी करून हमाल मधल्या फलाटावरून गाठी लोटीत नेत. सरकीची पोती पाठीवरून जात. या अदलाबदलीची मजुरी, त्यात जाणारा दिवस आणि फाटलेल्या गोणपाटातून होणारी नासाडी, हे सारे मालाच्या भाड्यावर चढे. पुढे रस्ते सुधारले आणि जिनिंगच्या दारातून उचललेली गाठ ट्रकने थेट पोहोचू लागली, तेव्हा व्यापाऱ्यांनी गाडीकडे पाठ फिरविली. ज्या कापसासाठी मार्ग टाकला, तोच असा आधी गाडीतून उतरला. उरले ते आपल्यासारखे प्रवासी, ज्यांच्या तिकिटांवर डब्यांचा रंगसुद्धा निघत नसावा.

कोळशाचे इंजिन १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले आणि त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. जुने इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले होते आणि १९२३ पासून या मार्गावर होते, म्हणजे सत्तर वर्षे त्याने चाकरी केली. ज्या मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी आपला कापूस जात होता, तिथूनच इंजिन आले, ही गोष्ट मुलांना नकाशा पुढे ठेवून दाखवावी.

त्या इंजिनाच्या दोन खुणा मला कधी विसरता येणार नाहीत. पहिली म्हणजे स्टेशनाजवळच्या घरांतील बाया बादल्या घेऊन येत आणि वडिलांकडून गरम पाणी मागून नेत, हिवाळ्यात तर नेमाने. दुसरी म्हणजे रुळाकडेला पडलेले अर्धवट जळके कोळसे वेचणारी मुले. कोणत्या पोराला कोणता टप्पा, हे त्यांनी आपसांत ठरविलेले होते आणि दुसऱ्याच्या टप्प्यात कोणी शिरला तर गाडीच्या शिट्टीपेक्षा मोठा आरडाओरडा होई. डिझेल आले तशी वडिलांची मान, कान आणि धोतर स्वच्छ झाले, पण बायांचे पाणी आणि पोरांचा कोळसा बंद झाला.

उमरेडवाला

आमच्याकडील हकिगतही थोडक्यात जोडतो. नागपूर-नागभीड हा आमचा लहान मार्ग सुमारे १०६ किलोमीटरचा. इतवारीहून निघून उमरेड, भिवापूर करीत नागभीडला पोहोचणारी ही गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी थांबविण्यात आली. भिवापूरची मिरची प्रसिद्ध आहे, आणि हंगामात एका बाजूच्या डब्यात मिरचीची पोती असली की पूर्ण गाडी शिंकत चाले. त्यातही खिडकीजवळची जागा मिळविणाऱ्याची गंमत अशी की वारा त्याच्याकडून आत येई आणि शिंका मात्र समोरच्याला येत.

मुलांना प्रत्यक्ष काही दाखवायचे असेल तर नागपूरच्या मोतीबागेत कडबी चौकाजवळ नॅरो गेज रेल्वेचे संग्रहालय आहे, २००२ सालापासून ते सुरू आहे. लहान रुळांवरची इंजिने, डबे, कंदील, टोकन देण्याची यंत्रे, असे पुष्कळ तेथे पाहायला मिळते. आपल्या दारव्ह्याचे स्टेशन आणि नागपूरचे हे ठिकाण या दोहोंचे नाव मोतीबाग, त्यामुळे रिक्षावाल्याला पत्ता सांगताना कडबी चौक अवश्य म्हणावे.

वाण नदीकाठचा (अकोट)

मूळ प्रश्न फाटकाचा आहे, म्हणून आमच्या मीटर गेजचे लांबण लावत नाही. केवळ मुलांच्या अविश्वासावर एक उतारा सुचवितो. अकोला-खंडवा मार्गावर मेळघाटात धूळघाटला चढ काढण्यासाठी रुळांचा पूर्ण वेढा घातलेला होता आणि आपणच थोड्या वेळापूर्वी ओलांडलेला मार्ग खाली दिसत असे. जयपूरहून काचीगुड्याला जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेसदेखील तोच वेढा घालून जात असे. हे मी आमच्या सूनबाईंना सांगितले तेव्हा त्यांनीही असाच अविश्वास दाखविला होता. मी वाद घातला नाही. उपग्रहाचा नकाशा उघडून धूळघाटचा वेढा शोधून त्यांच्यापुढे ठेवला. आपणही दारव्हा ते कारंजा या पट्ट्यात नकाशा मोठा करून पाहावा. शेतांमधून जाणारी लहान मार्गाची रेघ आणि तिला छेदणारे पांदणरस्ते दिसतात. जिथे छेद आहे तिथे फाटक होते, असे मुलांना दाखवून द्यावे.

अंजनगावची लेक (सध्या अमरावती)

ही कल्पना फार चांगली आहे. मी आताच लाखपुरीजवळचा पूर्णेवरचा पूल शोधून पाहिला. वहीसाठी आणखी एक सुचविते, राग मानू नये. आजोबांचे फाटक लिहाल, ड्रायव्हर लिहाल, पण त्या पऱ्हाटीतून धावलेल्या सासूबाईंचे नाव, त्यांचे माहेर आणि कडेवरच्या बाळाचे पुढे काय झाले हे आजीला विचारून अवश्य लिहावे. आमच्याकडे अशाच एका वहीत बैलांची नावे आहेत आणि पणजीचे नाही.

मोतीबागचा पाहुणा

ताई, राग कसला? आजीला लगेच फोन केला. सासूबाईंचे नाव सरस्वती, माहेर कारंज्याजवळचे, आणि कडेवरचे बाळ म्हणजे आमचे आजोबाच. म्हणजे गाडी थांबली ती त्यांच्यासाठी, आणि हे ते स्वतः कधीच बोलले नाहीत! खलाशीपुत्रदादा, आपल्या वडिलांची हरकत नसेल तर मुलांना घेऊन मूर्तिजापूरला यावे असे मनात आहे. फाटक लावणारा माणूस स्वतःच बोलला तर मुलांना हसायला जागा उरणार नाही.

खलाशीपुत्र (मूर्तिजापूर)

हरकत कसली, वडिलांना आनंदच होईल. संक्रांतीनंतरचा कोणताही रविवार चालेल; सकाळी लवकर यावे, कारण दुपारच्या जेवणानंतर ते झोपतात आणि मग चार वाजेपर्यंत कोणाचे ऐकत नाहीत. इंजिनाजवळ आयुष्य गेल्यामुळे उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू येते, तेव्हा मुलांना त्यांच्या डाव्या बाजूला बसवावे आणि प्रश्न मोठ्याने विचारायला सांगावे. किल्ल्यांचा जुडगा नोकरी संपताना जमा करावा लागला, तो दाखविता येणार नाही. शिट्टी मात्र घरी आहे.